उंदीरमाऱ्याची पुढची वाट

नृसिंह गोविंद देवचके आमच्या कार्यालयात आस्थापना शाखेचे वरिष्ठ लिपिक होते. म्हणजे कोण कधी रुजू झालं, कोणाची रजा किती शिल्लक, कोणाची बढती कुठे अडली, हे सगळं त्यांच्या कपाटात. माणसाला ते चेहऱ्यावरून ओळखत नसत, फायलीवरून ओळखत. माळीवाड्याच्या स्टँडवर कोणी नमस्कार केला तर क्षणभर थबकत आणि मग म्हणत, "हां, तुमची जन्मतारखेची दुरुस्ती राहिलीय." मी त्याच कार्यालयात टंकलेखिका. नऊ वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी त्यांचं अक्षर लावलं, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा माझा अधिकार त्यांच्या बायकोच्या खालोखाल आहे असं मी मानते.

कार्यालय म्हणजे बियाण्यांचं सरकारी गोदाम. नगरहून राहुरीकडे जाताना उजव्या हाताला पत्र्याच्या तीन शेड, पुढे चार खोल्यांचं ऑफिस आणि मागे बियाण्याची उगवण तपासायची लहानशी प्रयोगशाळा. आता तिथे मंगल कार्यालय झालंय, तेव्हा नाव कशाला सांगू. ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची पोती थप्पीला लागलेली असत. धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे उंदीर मारणारा लागतोच. मंजूर पदांच्या तक्त्यात त्याची एक जागा होती, पण कायम भरायला वरून बंदी. माळ्याची जागा मात्र भरलेली होती. झाड एकही नव्हतं.

म्हणून १९८९ साली रोजंदारीवर महेंद्र भिंगारदिवे आला. राहुरीजवळच्या खेड्यातला, इतिहास घेऊन बी.ए. झालेला, बावीस वर्षांचा. रोज सकाळी पिंजरे गोळा करायचे, पिठाच्या विषारी गोळ्या थप्प्यांच्या मागे ठेवायच्या आणि मेलेल्या उंदरांची संख्या वहीत लिहायची. अक्षर इतकं सुंदर, की उंदरांची ती वही साहेब पाहुण्यांना दाखवत. बी.ए. झालेल्या पोराला हे काम का, असं मात्र कोणी विचारलं नाही. मीही नाही.

देवचके भाऊसाहेबांना एकच नाद होता. लोक कादंबऱ्या वाचतात, हे सेवानियम वाचत. रेल्वेचे, टपाल खात्याचे, जुन्या निजामाच्या राज्यातले, कुठलेही. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भिंगारला कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडे जायचे आणि पिशवीभर नियम घेऊन केडगावच्या घरी यायचे. नीलांबरीवहिनी म्हणायच्या, नवरा दारू पीत नाही म्हणून मैत्रिणी हेवा करतात, त्यांना ही पिशवी दाखवायला हवी.

१९९१ च्या उन्हाळ्यात त्या पिशवीतून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. कव्हर नव्हतं, सुरुवातीची तीसेक पानं फाटलेली. पहिल्याच उरलेल्या पानापासून पदांची यादी होती. गाडीवान, जकातदार, नावाडी, पहारेकरी, उंदीरमाऱ्या अशी शंभरेक पदं. प्रत्येक पदाखाली तीन गोष्टी दिलेल्या: या पदावरच्या माणसाला काय काय यायला हवं, त्याच्याजवळ कोणती हत्यारं-अवजारं हवीत, आणि एवढं सगळं पुरं केल्यावर तो पुढे कोणत्या पदांवर जाऊ शकतो. भाऊसाहेबांनी ते दोन रात्रींत वाचून काढलं आणि सोमवारी माझ्या टेबलावर ठेवलं.

"जर्मनीकडचं एखादं संस्थान असावं," ते म्हणाले. "त्यांचे भरतीचे आणि पदोन्नतीचे नियम आहेत."

मी चाळलं. मध्येच ढाल-तलवारवाले लोक होते, ठेंगू दाढीवाले होते, शेवटी शंभर पानं मंत्रांची होती. मी शंका काढली. तलवार म्हणजे गणवेशाचा भाग, त्यांनी समजावलं. ठेंगू लोकांची वेगळी कोष्टकं म्हणजे शारीरिक पात्रतेची सवलत. आणि मंत्र? जुन्या संस्थानांत धर्मादाय खातं असायचंच. तीस वर्षं सरकारी परिपत्रकं वाचलेल्या माणसाला मंत्रांची शंभर पानं खटकली नाहीत, यात मला तरी नवल वाटलं नाही.

पण त्यांना त्या पुस्तकानं झपाटलं ते उंदीरमाऱ्याच्या पानामुळे. आमच्या नियमांत उंदीर मारणारा हे 'एकाकी पद'. म्हणजे वर जायला शिडी नाही. माणूस उंदीरमाऱ्या म्हणून लागला की उंदीरमाऱ्या म्हणूनच निवृत्त व्हायचा, तेही लागला तर. आणि इथे त्या परदेशी संस्थानानं उंदीरमाऱ्याला अख्खं पान दिलं होतं आणि खाली पुढच्या चार वाटा लिहून ठेवल्या होत्या. भाऊसाहेब स्वतः सतरा वर्षं वरिष्ठ लिपिकाच्या खुर्चीत होते. अधीक्षकाची जागा समोर दिसत होती आणि हलत नव्हती. ते त्या पानावर बोट ठेवून बराच वेळ बसले होते.

त्याच आठवड्यात त्यांनी महेंद्रला बोलावलं. उंदरांचं काम पुरतं आलं का, असं विचारलं. आलं, तो म्हणाला. मग ऑगस्टच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'उंदीर नियंत्रण मजूर'च्या जागी 'पहारेकरी' आलं. मजुरीचा रोज तोच, फक्त कामाचं नाव वेगळं. हजेरीपट मी टाइप केला, आणि पेन्सिलीची फुली दिसेल तिथे साहेबांनी सही केली. ते तेवढंच करायचे.

दिवाळीत माझा धाकटा भाऊ केदार पुण्याहून इंजिनिअरिंगच्या सुट्टीवर आला. भाऊसाहेब फराळाला आले होते, पुस्तक बरोबर होतंच. केदारनं दोन पानं उलटली आणि हसत सुटला. म्हणाला, काका, हा खेळ आहे. आमच्या होस्टेलवर मुलं खेळतात. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, भुयारात उतरायचं, राक्षस मारायचे, आणि पात्रानं एकेक पेशा पुरा करत वर चढायचं.

भाऊसाहेबांनी चकली ताटलीत परत ठेवली. पुढचे तीन दिवस ते ऑफिसात कोणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्याकडे वळून म्हणाले, "खेळ असला तरी नियम आहेत ना?"

अशा रीतीनं आमचे रविवार सुरू झाले. केडगावला त्यांच्या ओसरीवर आम्ही चौघं बसायचो: भाऊसाहेब, मी, जीपचा ड्रायव्हर सहादेव आणि महेंद्र. त्यातले विचित्र फासे इकडे मिळत नव्हते, म्हणून एक ते शंभर आकड्यांच्या चिठ्ठ्या पानाच्या रिकाम्या डब्यात घातल्या. खेळ चालवणाऱ्याला पुस्तकात जे नाव होतं त्याचं भाऊसाहेबांनी 'सक्षम प्राधिकारी' असं भाषांतर केलं आणि ते पद स्वतःकडे घेतलं.

प्रत्येकाचा पहिला पेशा चिठ्ठी काढून ठरायचा. मला थडगी उकरणारी निघाली. सहादेवला गाडीवान, तो म्हणाला, रविवारीबी तेच का. महेंद्रनं डब्यात हात घातला आणि उंदीरमाऱ्या निघाला.

वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. भाऊसाहेबांनी घसा साफ करून सुचवलं की पहिली चिठ्ठी सरावाची धरू, दुसरी काढा. नियमात सूट द्यायची ही त्यांची आयुष्यातली पहिली वेळ असावी.

"राहू द्या भाऊसाहेब," महेंद्र म्हणाला. "आमच्या आज्याला गावकीचं काम चिठ्ठी काढून मिळालं नव्हतं, जन्मानं मिळालं हुतं. आन त्याच्या पानावर खाली काईच लिहिलेलं नव्हतं. हितं लिहिलंय ना? मग चालतंय."

आणि त्यानं आपल्या पात्राला आज्याचं नाव दिलं, रखमाजी. खरा रखमाजी छप्पन साली दीक्षा घेऊन गावकीच्या कामातून उठला होता. देवचक्यांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या जोशीपण आणि कुलकर्णीपण. भाऊसाहेबांनी मान खाली घालून वहीत नाव लिहिलं, नेहमीपेक्षा सावकाश.

वही म्हणजे साधी वही नव्हे. त्यांनी प्रत्येक पात्राचं सेवापुस्तक उघडलं होतं, सरकारी छापील नमुन्यातलं. पहिल्या पानावर उंची, ओळखीची खूण, वारसाचं नाव. भुयारात उतरायच्या आधी शारीरिक पात्रतेचा दाखला. पुस्तकात नियम असा होता की साहस केलं की अनुभवाचे गुण मिळतात, त्या गुणांच्या बदल्यात आपल्या पेशातली एकेक विद्या घ्यायची, आणि पेशा पुरा झाला की पुढच्यात जायचं. भाऊसाहेबांनी त्यात नगर जिल्ह्याची भर घातली. गुण मिळवण्यासाठी अर्ज करायचा, अर्ज विहित नमुन्यात. राक्षस मारला तर दोन साक्षीदार. सहादेवनं एकदा एकट्यानं अस्वल मारलं, त्याचे गुण त्याला कधीच मिळाले नाहीत.

दुसऱ्या वर्षी माझी थडगी उकरणारी एका थडग्यातच मेली. मी नवी चिठ्ठी काढायला लागले तर भाऊसाहेबांनी अडवलं. तिच्या धाकट्या बहिणीला अनुकंपा तत्त्वावर घेता येईल म्हणाले, मात्र वारस दाखला लागेल. तो दाखला त्या काल्पनिक राज्याच्या काल्पनिक कचेरीतून मिळवण्यात माझे तीन रविवार गेले. मी चिडले, डबा आपटला, घरी गेले, आणि चौथ्या रविवारी पुन्हा आले. लाज वाटते सांगायला, पण दाखला मिळाला तेव्हा मला राक्षस मारल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

सहादेवचं वेगळंच. त्याचा गाडीवान पेशा तिसऱ्याच महिन्यात पुरा झाला, पण पुढे जायला तो तयार होईना. त्याचं म्हणणं, बढती घेतली की बदली होते. ही गुहा बरी हाय, वळखीची हाय. पाच वर्षं तो गाडीवानच राहिला.

महेंद्रचा रखमाजी मात्र चढत गेला. तो नियम सगळ्यात काळजीपूर्वक वाचायचा. कोणती विद्या आधी घेतली तर पुढची वाट लवकर उघडते याचा त्यानं तक्ताच केला होता. उंदीरमाऱ्याचा पहारेकरी, पहारेकऱ्याचा वैदूचा हरकाम्या, मग औषधं घोटणारा, मग वैद्य. आणि इथे एक गोष्ट घडत होती जिच्याबद्दल ओसरीवर कोणी बोलत नव्हतं. रखमाजी पुढे सरकला की काही महिन्यांत ऑफिसच्या हजेरीपटावर महेंद्रही सरकायचा.

१९९३ मध्ये पहारेकऱ्याचा तो बीजप्रक्रिया मजूर झाला, म्हणजे पेरणीच्या बियाण्याला औषध चोळणारा. पंधरवड्यात त्याला मात्रा तोंडपाठ झाल्या. पुढच्या वर्षी प्रयोगशाळा परिचर. तिथली जागा कायम रिकामी, तपासण्या तुंबलेल्या. महेंद्रनं ओल्या कागदावर बी मांडायला, कोंब मोजायला, निकाल काढायला अशी सफाई मिळवली की साहेब त्याच्याशिवाय एक पाकीट फोडत नसत. रोज मात्र तोच राहिला. भाऊसाहेबांचं म्हणणं, शिकलेलं कुठे जात नाही. मी टाइप करत होते, मला सगळं दिसत होतं. मलाही ते बरंच वाटत होतं. या पडेल कार्यालयात निदान एक माणूस तरी कुठे जात होता.

१९९६ च्या ऑगस्टमध्ये गोदामं चालवणाऱ्या मंडळाचा आदेश आला. रोजंदारी यापुढे बंद. ज्यांनी एकाच पदावर सलग पाच वर्षं काम केलं त्यांना त्याच पदावर कायम करावं, बाकीच्यांना कमी करावं.

पात्रतेची यादी अर्थात भाऊसाहेबांनी करायची होती. आमच्याकडे अकरा रोजंदारी माणसं. दहा जण हमाल होते आणि आठ-आठ वर्षं हमालच होते. त्यातला पुंजाराम तर दुपारी बाजरीच्या थप्पीवर झोपायचा आणि घोरायचा, इतका की शेतकरी बाहेरून विचारायचे, मळणी चालू हाय का. त्याचं नाव पहिल्या फटक्यात यादीत बसलं. अकराव्या नावाशी आल्यावर भाऊसाहेबांचा पेन थांबला. उंदीरमाऱ्या दोन वर्षं, पहारेकरी दीड, बीजप्रक्रिया एक, प्रयोगशाळा दोनाच्या आसपास. सात वर्षं झालेली, पण पाच सलग कुठेच नाहीत.

त्यांनी तांब्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "देवश्रीबाई, मी या माणसाचा गळा कापला."

मी काहीतरी समजुतीचं बोलले असेन. काय ते आठवत नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि स्वतःचा जास्त, कारण प्रत्येक हजेरीपटावर खाली माझी आद्याक्षरं होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून हसून सोडण्यातलं हे नव्हतं. महेंद्रला दोन लेकरं होती. बायको भारती राहुरीत ब्लाउज शिवायची. तिशीला टेकलेल्या माणसाला दुसरी सरकारी नोकरी मिळायची नव्हती.

महेंद्रला त्यांनी स्वतः सांगितलं, उभं राहून. तो ऐकून घेत होता. मग एवढंच म्हणाला, "म्हंजी तुमी मला पुढं नेलं म्हनून मी मागं पडलो. असंच ना, भाऊसाहेब?"

होय, भाऊसाहेब म्हणाले.

नोव्हेंबरात नगरला, या याद्या तपासणाऱ्या छाननी समितीपुढे महेंद्रच्या प्रकरणाची सुनावणी झाली. टिपण घ्यायला मी बरोबर होते. समोर तीन अधिकारी, मधले अध्यक्ष जाड चष्म्याचे आणि खरंतर सज्जन. भाऊसाहेबांनी सुरुवात मोठ्या उमेदीनं केली. हा माणूस चार कामं शिकला आहे, प्रयोगशाळेचा सगळा भार याच्यावर आहे, असा माणूस शासनाला उपयुक्तच. अध्यक्षांनी शांतपणे ऐकलं.

"शिकला हे चांगलंच झालं," ते म्हणाले. "पण शिकायला सांगितलं कोणी?"

भाऊसाहेबांनी हजेरीपट पुढे सरकवला. अध्यक्षांनी पुन्हा विचारलं, पद बदलण्याचा आदेश कोणाचा? आदेश नाही, नोंदी मी केल्या, असं भाऊसाहेबांनी सांगितलं. कशाच्या आधारे? मला वाटलं, आता संपलं. भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, बाहेरच्या एका संस्थानाचे भरती नियम वाचनात आले होते. मी टिपणवहीतून डोकं वर केलं नाही.

अध्यक्षांनी बाजूच्या दोघांशी कुजबुज केली आणि मग सरकारी माणसालाच सापडेल अशी वाट काढली. आदेशाशिवाय केलेली नोंद म्हणजे लिपिकाची चूक. चूक दुरुस्त करता येते. नंतरच्या तिन्ही पदांच्या नोंदी चुकीच्या ठरवल्या तर पहिलं पद सलग चालू राहतं, सात वर्षं. मात्र दोन कागद लागतील. एक लिपिकाचा लेखी कबुलीजबाब. दुसरं कामगाराचं शपथपत्र, की त्यानं या काळात उंदीर मारण्याशिवाय काही केलेलं नाही.

कबुलीजबाबाचा अर्थ भाऊसाहेबांइतका कोणाला कळणार? अधीक्षकपदाची त्यांची फाईल अखेर हलली होती, मुख्यालयात शेवटच्या सहीला होती, आणि निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांनी तिथल्या तिथे कागद मागून घेतला आणि नोंदी नजरचुकीनं झाल्या असं दीड पान लिहिलं. एक खाडाखोड नाही. मी त्यांच्यावर अनेकदा वैतागले आहे, पण त्या दिवशी जीपमध्ये त्यांच्या शेजारी बसताना मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मला माझ्या वडिलांबद्दलही फारसं कधी वाटलं नव्हतं. सहादेवनं परतीच्या वाटेवर एकही गचका बसू दिला नाही.

शपथपत्राचा मसुदा समितीनं पाठवला, मी टाइप केला. 'मी रुजू झाल्यापासून आजतागायत केवळ उंदीर मारण्याचेच काम केले आहे. बियाण्यास औषध लावणे, उगवण तपासणे ही कामे मला येत नाहीत व मी ती कधीही केलेली नाहीत.' महेंद्रनं ते दोनदा वाचलं.

"केली न्हाईत, हे लिहितो," तो म्हणाला. "पन येत न्हाईत हे काढता यील का?"

भाऊसाहेब म्हणाले, मसुदा समितीचा आहे, शब्द बदलता येत नाही.

"मी बी.ए. झालो तवा आज्यानं गावात साखर वाटली हुती," महेंद्र म्हणाला. "पोराला लई काय काय येतं म्हनून." आणि त्यानं सही केली. पूर्ण नावाची, त्याच सुंदर अक्षरात. भाऊसाहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते, आणि आम्ही दोघांनी ते पाहिलं नाही असं केलं.

फेब्रुवारीत एकाच टपालात दोन आदेश आले. महेंद्र भिंगारदिवे उंदीर नियंत्रण मजूर या पदावर कायम. नृसिंह देवचके यांची पदोन्नती रद्द, एक वेतनवाढ बंद. भारतीनं पेढे पाठवले, भागिरथीबाई, महेंद्रची आई, स्वतः येऊन भाऊसाहेबांच्या पाया पडायला लागली, आणि ते दोन पावलं मागे सरले. केडगावचे रविवार त्याआधीच बंद पडले होते. कोणी बंद केले नाहीत, कोणी गेलं नाही एवढंच.

मे महिन्यात पेरणीच्या बाजरीचे सोळा लॉट आले. उगवणीचा निकाल लागल्याशिवाय बियाणं बाहेर जाणार नव्हतं, आणि शेतकरी फाटकाशी बसलेले. साहेबांनी सवयीनं हाक मारली, महेंद्र, जरा लॅब उघड. महेंद्र पिंजरा हातात घेऊन आला आणि अदबीनं म्हणाला, साहेब, ते काम मला येत न्हाई. साहेब चिडले. कायम झालं की माणूस बिघडतोच, असं माझ्यासमोर म्हणाले. महेंद्रनं खिशातून शपथपत्राची प्रत काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यावर साहेबांचीच साक्ष होती, पेन्सिलीच्या फुलीवर केलेली.

मग साहेबांनी भाऊसाहेबांना पाठवलं. मी मागोमाग गेले. भाऊसाहेबांनी विनंती केली, आवाज अगदी खाली होता. बाहेर माणसं थांबलीत, भिंगारदिवे.

"मला दिसत्यात ती," महेंद्र म्हणाला. "पन मी हात लावला तर शपथपत्र खोटं. मंग मी बी घरी आन तुमचं गेलेलंबी फुकट. तुमी लिहून घेतलंय, भाऊसाहेब. आता कसं?"

भाऊसाहेब शर्टाच्या बाह्या दुमडून स्वतःच आत गेले. स्टूल ओढलं, कागद भिजवला, पाकीट फोडलं आणि बोटानं बाजरी मोजायला लागले. सत्तावन्न वर्षांचे डोळे, बाजरीचा दाणा. तीनदा चुकले.

महेंद्र उंबऱ्याबाहेर उभा होता. पिंजऱ्यात उंदीर खुडबुडत होता.

"बोटानं न्हाई," तो म्हणाला. "चिमट्यानं घ्या. कागद पिळा आधी, लई वला झालाय. शंभर-शंभराच्या चार रांगा."

भाऊसाहेबांनी कागद पिळला. बरोबर आहे का, त्यांनी विचारलं. अजून थोडा, महेंद्र म्हणाला. असं ते दिवसभर चाललं, आणि नंतर तीन आठवडे. एक जण आत, एक जण दारात. दारातल्यानं पाऊल आत टाकलं नाही. भाऊसाहेब शिकताना वाईट विद्यार्थी होते, हट्टी, आणि प्रत्येक गोष्टीचं कारण विचारणारे. महेंद्र न कंटाळता सांगायचा, मात्र एकदाही हसला नाही. त्याचा राग गेला नव्हता, आणि तो गेला नाही याचं मला बरंच वाटलं.

सोळावा लॉट चौऱ्याण्णव टक्के उगवला. निवृत्तीच्या आदल्या दिवशी भाऊसाहेब निकालाचा तक्ता घेऊन माझ्याकडे आले. 'तपासणी करणारा' या रकान्यात त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि पुढे 'शिकाऊ'. त्याखाली आणखी एक रकाना होता, 'ज्यांच्या मार्गदर्शनाखाली'.

"बाई, इथे खरं नाव लिहिलं तर तो घरी जातो," ते म्हणाले. "आणि दुसरं कोणतं लिहिलं तर मी खोटं लिहिलं असं होतं. छत्तीस वर्षांत मी खोटं लिहिलेलं नाही, एक तो कबुलीजबाब सोडला तर."

दारातून महेंद्र पिंजरे घेऊन मागच्या शेडकडे चालला होता. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मी कागद मशीनला लावला, त्या रकान्यात एक आडवी रेघ टाइप केली आणि तक्ता साहेबांच्या सहीला ठेवून दिला.